मुजोर कोण, हे लगामाला विचारा

मित्रांनो, मी एक जुना लगाम आहे. एवढं एक वाक्य बोलायलाही खरं तर मला तोंड नाही. माझं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या तोंडात गेलं.

वरातीत घोडीवाल्याच्या हातात आरसे लावलेला, लोकरीचे गोंडे लोंबणारा पट्टा तुम्ही पाहिला असेल. तो मी नव्हे. मी आतला. घोडीच्या जिभेवर आडवी पडलेली लोखंडी सळई, सळईत ओवलेली फिरती चाकं आणि चाकांना दाते, असं माझं रूप आहे. नवरदेवाच्या फोटोत मी कधी येत नाही. चुकून आलोच तर अल्बम करणारा मला पुसून टाकतो आणि तिथं एक गुलाब ठेवतो.

माझा जन्म कळंबोलीचा. तिथल्या लोखंडाच्या बाजारात दिवसभर ट्रकांतून सळया, पट्ट्या आणि पत्रे आदळत असतात. अशा ठिकाणी कुणाचा जन्म हळुवारपणे होत नाही. बाबासो नावाच्या सांगलीकडच्या लोहारानं मला भट्टीत लाल केलं, ऐरणीवर ठेवून झोडपलं आणि पाण्यात बुडवलं. मी चरचरलो. पाठ्यपुस्तकात अशा जागी 'मला असह्य वेदना झाल्या' असं लिहितात. मला काही झालं नाही. लोखंडाला काही होत नाही, म्हणून तर दुसऱ्याला काही करायचं असलं की माणसं लोखंड वापरतात.

मला बनवून घेणाऱ्याचं नाव इद्रीस. घराणं रायगडच्या किनाऱ्यावरचं, धंदा लग्नाला घोडी भाड्यानं द्यायचा. ट्रक उभे राहतात त्या मैदानामागं त्याचा पत्र्याचा तबेला होता. बाबासो माझे दाते कानशीनं घासत होता तेव्हा इद्रीस शेजारी चहा पीत उभा होता.

"जास्त टोकदार नको, बाबासो. नुसती आठवण राहिली पायजे तिला."

"आठवन टोकानंच ऱ्हाती, भाई," बाबासो म्हणाला. "बोथट लोखंडाला ट्रकवाला बी भीत न्हाई."

दोघंही वाईट नव्हते. इद्रीस घोडीला स्वतःच्या आधी खाऊ घालायचा. बाबासो तर मुंगी दिसली तरी पाय बाजूला टाकायचा. मित्रांनो, मला आजवर वाईट माणूस भेटलेलाच नाही. सगळे आपापलं काम करणारेच भेटले.

घोडीचं नाव बर्फी. पांढरी, गुलाबी नाकाची, लांब पापण्यांची. तिच्या तोंडात मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तिनं मला जिभेनं ढकलून बाहेर काढायचा प्रयत्न केला. कुणीही केला असता. इद्रीसनं पट्टा खेचला, दाते रुतले, ती मागं सरली. मागं सरली म्हणून पुन्हा खेचला. त्या दिवशी मी तिच्या तोंडातून बाहेर आलो तो लाल होऊन. भट्टीतून निघालो होतो तेव्हाही लालच होतो, पण ते लाल निवलं की जातं.

लग्नाच्या घोडीला शिकवतात ते तुम्हाला ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. वरातीतलं गाणं सुरू झालं की तिनं पाय उचलायचा, थांबलं की खिळ्यासारखं थांबायचं. का, तर नाचणारे थांबतात, आत्या ओवाळायला येते, कुणी तरी नोटा उधळत घोडीच्या पायांत वाकतो, अशा वेळी घोडी हलली तर माणूस तुडवला जातो. म्हणून इद्रीसनं एक जुना ताशा आणला. ताशा वाजला की मोकळी दोरी. ताशा थांबला की मी. ताशा थांबला आणि बर्फीचा पाय पुढं पडला की मी जिभेत, हिरडीत, ओठांच्या कोपऱ्यात. असं पावसाळाभर चाललं. शेवटी ताशा थांबताच बर्फी आपोआप दगड व्हायची, मला हलावंही लागायचं नाही. इद्रीस तिच्या मानेवर थोपटून म्हणायचा, "माझी शानी पोर ती."

मग आमची कामाची वर्षं आली. खारघरचे टॉवर, पनवेलचे हॉल, बोनकोड्याच्या अरुंद गल्ल्या, उलव्याचे नवेकोरे रस्ते. कौतुकही झालं. लहान मुलं बर्फीला गाजर द्यायची. माझ्यामुळं तिला चावता यायचं नाही, ते ती तोंडात धरून उभी राहायची आणि लोक म्हणायचे, बघा, किती सभ्य घोडी आहे. तिच्या कानाशी फटाक्यांच्या माळा फुटायच्या. एका नवरदेवाच्या मित्रानं तिच्या शेपटीला फुलबाजी लावली. एकानं तिला बिअर पाजली, बिअर जखमांवरून गेली आणि बर्फी जागच्या जागी थरथरली. लोकांना वाटलं नाचतेय. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

तेव्हाच तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. डीजेचा जनरेटर बंद पडला, गाणं थांबलं, बर्फी थांबली. नवरदेवाचा मामा घामाघूम होऊन ओरडला, "अरे ओढ तिला! काय मुजोर घोडी आहे!"

मला फार बरं वाटलं. घरचा शब्द परक्या ठिकाणी भेटला की वाटतं तसं. कारण मित्रांनो, हा शब्द आमच्या घराण्यातला आहे. मूळचा मुँहजोर. ज्याच्या तोंडाला जोर आहे, लगाम खेचला तरी जो मान वळवत नाही, असा घोडा म्हणजे मुँहजोर. घोडदळांच्या मागून तो इकडं आला असावा आणि आपल्या जिभेवर घासून घासून मुजोर झाला. पुढं घोडदळं गेली आणि शब्द बेकार झाला. बेकार झालं की कुणालाही दुसरी नोकरी शोधावीच लागते. त्यानं माणसांत शोधली. मुजोर सून, मुजोर भाडेकरू, मुजोर फेरीवाले, मुजोर रिक्षावाले. रिक्षावाल्यांकडं तर तो कायमचाच चिकटला, पेन्शन तिथूनच घेईल.

अर्थ फारसा बदलला नाही. खेचणारा खेचतोय आणि खेचला जाणारा वळत नाही, एवढाच तो होता आणि आहे. पण एक आतली गोष्ट शब्दकोशात नसते, ती मी सांगतो. कुठलंही शिंगरू मुजोर जन्मत नाही. त्याचं तोंड लोण्यासारखं असतं, गवताचं पातंसुद्धा त्याला कळतं. लगाम तिथं रोज रुततो. जखम होते, भरते, त्याच जागी पुन्हा होते. मग तिथं राठ कातडं येतं. त्या कातड्याला काही कळत नाही. मग लगाम खेचला तरी घोडा वळत नाही आणि खेचणारा म्हणतो, मुजोर आहे. शब्द लगाम धरणाऱ्यानं बनवला. घोड्याला विचारलं असतं तर त्यानं दुसरा दिला असता. पण त्याच्या तोंडात मी होतो.

आता रावसाहेबांची गोष्ट.

एका सकाळी ते तबेल्यात आले. बरोबर बायको सुंदराबाई आणि कॉलेजात शिकवणारी मुलगी मैत्री. रावसाहेब सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. माणसं मला तोंडावरून कळतात. त्यांचा खालचा जबडा डावीकडं सरकलेला होता आणि पुढचे दात कवळीचे. 'स' म्हणताना बारीक शीळ वाजायची. मी मनात म्हटलं, या तोंडानं लोखंड किंवा दगड, दोन्हींतलं काहीतरी खाल्लंय.

"बाबा, आपल्यात घोडी कुठं असते?" मैत्री म्हणत होती. "वंदना, पंचशील, दोन हार, जेवण. झालं लग्न. हे खूळ कुणाचं?"

"नव्हती आपल्यात," रावसाहेब म्हणाले. "म्हणूनच पाहिजे."

"सुगतला तर विचारा. लग्न त्याचंय."

"त्याला काय विचारायचं? त्यानं नुसतं बसायचंय."

रावसाहेब बर्फीच्या तोंडाकडं वाकून बघायला लागले. इद्रीस हसला. "काका, भाड्याच्या घोडीचे दात काय बघता? तुमी काय तिला सून करून नेताय?"

"दात नाही बघत. ऐकते का, ते बघतोय."

"ऐकते म्हंजे! मागं एक नवरदेव वर बसल्या बसल्या झोपला. हिनं त्याला झोपेतच मांडवात पोचवला."

"एक अट आहे," रावसाहेब म्हणाले. "सोसायटीच्या गेटपासून हॉलच्या दारापर्यंत माझा पोरगा खाली उतरणार नाही. काही झालं तरी."

"उतरंल कशाला?"

"मला उतरवलं होतं."

मग उरलेलं सुंदराबाईंनी सांगितलं, बर्फीच्या मानेवरून हात फिरवत, जणू तिलाच सांगतायत. गाव मराठवाड्यातलं. त्यांच्या वस्तीतला नवरदेव वेशीतून पायीच जायचा, असा गावचा रिवाज. रावसाहेब तेव्हा नुकतेच नोकरीला लागलेले, त्यांनी बाजारच्या गावाहून घोडं आणलं. वेशीत माणसं उभीच होती. पाय धरून त्यांना खाली ओढलं. पडल्यावर लाथा घातल्या. कुणीतरी म्हणालं, मुजोर झालेत, तोंड फोडा ह्याचं. मग एकानं केस धरून डोकं वर केलं आणि दुसऱ्यानं दगडानं तोंड फोडलं. घाईत नाही, नेम धरून.

"ह्यांच्या तोंडाला टावेल बांधला आन् तसंच लगीन लावलं," सुंदराबाई म्हणाल्या. "हार घालाया वाकले तं रगत टपटप माझ्या पदरावर पडलं. माझी माय म्हनली, रडू नको गं, नवरा जित्ता हाय."

इद्रीसनं मान खाली घातली. "काका, माझी जबान. पोरगा वरच राहील."

आपल्या जबानीत बाजा चालू राहणं गृहीत धरलेलं आहे, हे त्यानं सांगितलं नाही. वरातीत बाजा बंद कशाला होईल? कुणाच्याही डोक्यात आलं नसतं.

लग्न रविवारी होतं, दिवसाउजेडी. पांढरा सदरा घातलेला सुगत खोगिरावर बसला तेव्हा त्याचा चेहरा दातांच्या डॉक्टरकडं बसलेल्या माणसासारखा होता.

"बाबा, ऑफिसची माणसं आलीत. हसतील."

"हसू दे. वर बसून ऐकलं की हसणं वेगळं ऐकू येतं."

बेंजो पार्टी जोरात होती, दिवस असूनही रिवाज म्हणून झुंबरवाले दोन्ही बाजूंना दिवे घेऊन चालत होते आणि सुगतच्या डोक्यावर झालरीची छत्री धरलेली होती. बाबासाहेबांची गाणी लागली, निळे फेटे नाचायला लागले, बर्फी ठेक्यावर पाय टाकायला लागली. रावसाहेब पुढं चालत होते. खरं तर चालत नव्हते, बघत होते. दर दोन पावलांनी मागं वळून सुगत वर आहे याची खात्री करत होते. त्यांचा वाकडा जबडा अभिमानानं आणखी वाकडा झाला होता. मी इतकी तोंडं पाहिली, पण इतकं सुखी तोंड क्वचित पाहिलं.

ठरलेला रस्ता पुढं खणून ठेवलेला होता. कशासाठी, हे खणणाऱ्यांनाही सांगता आलं नसतं. वरात बाजूच्या रस्त्यानं वळली. तिथं एक मोठं हॉस्पिटल होतं. फाटकापाशी फलक होता, शांतता क्षेत्र, हॉर्न व वाद्ये वाजवू नयेत. वॉचमन काठी घेऊन धावत आला.

"बाजा बंद! ए मास्तर, बंद! आत पेशंट आहेत!"

बेंजोवाल्या मास्तरानं हात वर केला. गाणं थांबलं. बर्फी थांबली.

मागं गाड्यांची रांग लागली आणि त्या फलकाच्या बरोब्बर खाली हॉर्न सुरू झाले. एक, मग तीन, मग सगळेच. एका मोठ्या गाडीची काच खाली आली. आत सुगंधी, इस्त्रीबंद गृहस्थ. त्याला रावसाहेब माहीत नव्हते, त्यांचं गाव माहीत नव्हतं. रस्ता अडला की कुणीही म्हणतं तेच तो म्हणाला.

"अहो, घोड्यावरून उतरवा त्याला आणि बाजूला व्हा! मुजोरीला काही लिमिट असतं की नाही?"

रावसाहेबांचा जबडा हलायचा थांबला.

"चल," ते इद्रीसला म्हणाले. "घे पुढं."

"काका, ती बाजाशिवाय पाय उचलत नाय. शिकवलंय तिला तसं. मी वाचमनला समजावतो, नुसता ताशा हळू..."

"शिकवलंय? कुणी सांगितलं तुला, इथं थांबव म्हणून?"

"कुणी नाय, काका. अल्लाची शपथ."

"आजवर कारणंच ऐकत आलोय मी! आज वाट बंद आहे, आज विहीर उपसायचीय, आज देव झोपलाय! आता काय, तर घोडी शिकलेली आहे!"

त्यांनी पट्टा इद्रीसच्या हातातून हिसकला आणि दोन्ही हातांनी पुढं ओढला. माझे दाते ओठांच्या कोपऱ्यांत शिरले. बर्फी हलली नाही. हलणार कशी? दुखलं की थांबायचं, हेच तर तिला शिकवलं होतं. त्यांनी आणखी ओढलं, ती आणखी थांबली. जितका मी रुतलो तितकी ती आज्ञेत राहिली. मित्रांनो, एवढी आज्ञाधारक घोडी नव्या मुंबईत दुसरी नव्हती, आणि तिला झोडपलं जात होतं ते न ऐकल्याबद्दल.

"मुजोर!" रावसाहेब ओरडले. "चल! मुजोर! चल!"

त्यांनी अंगाचा सगळा भार टाकून हिसका दिला. जीभ फाटली. कोपऱ्यातला जुना राठ भाग टिकला, त्याच्या शेजारचं जिवंत कातडं उसवत गेलं. लाल फेस उडाला, रावसाहेबांच्या शर्टावर, सुगतच्या पांढऱ्या गुडघ्यावर. बर्फी मागच्या पायांवर उभी राहिली. सुगतनं आयाळ धरली, त्याचा एक पाय रिकिबीत अडकला. झुंबरवाल्यांनी दिवे टाकून पळ काढला, काचा फुटल्या. इद्रीस मध्ये घुसला, वर दोन्ही हात करून, "बस बस बस" म्हणत, आणि बर्फीचा खूर खाली आला तो त्याच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज झाला. सुकी फांदी मोडावी तसा, त्यात काव्य काही नव्हतं. इद्रीस रस्त्यावर बसला आणि त्याला ओकारी आली.

बर्फी खाली आली ती जिथं होती तिथंच. चारी पाय लटलटत, पण त्याच जागी.

"उतरू नको, सुगत!" रावसाहेबांच्या कवळीतून शीळ येत होती. "जीव गेला तरी उतरू नको!" त्यांनी खाली पडलेला छत्रीचा दांडा उचलला आणि बर्फीच्या तोंडावर मारला. "मुजोर!" पुन्हा मारला. माझ्यावरही बसला, लोखंडावर लाकूड वाजलं. तिसऱ्यांदा हात वर गेला तो वरच राहिला. सुंदराबाईंनी मनगट धरलं होतं.

"आवं, तिचं तोंड तं बघा."

"सोड."

"बघा म्हनते ना! तुमचंबी असंच झालं व्हतं. आन् ते बी असंच म्हनत व्हते. हाच शब्द. मी व्हते तिथं."

रावसाहेबांनी बघितलं. मित्रांनो, इतक्या वर्षांत प्रथमच कुणीतरी वाकून आत बघितलं. मी तिथं होतो, जिभेच्या दोन तुकड्यांच्या मध्ये. लाजलो वगैरे नाही. लोखंड लाजत नाही. पण त्यांचा हात आपोआप स्वतःच्या जबड्याकडं गेला, हे मला दिसलं.

तेवढ्यात सुगतनं रिकिबीतून पाय सोडवला.

"उतरू नको म्हणालो ना!" रावसाहेब ओरडले, पण आवाज फाटला.

"मी उतरतोय, बाबा. मला कुणी उतरवत नाहीये."

"माझं ऐकणार नाहीस?"

"नाही ऐकणार," सुगत म्हणाला आणि खाली उडी मारून त्यांच्यासमोर उभा राहिला. "म्हणा आता मुजोर."

शब्द रावसाहेबांच्या तोंडात तयार होता. मला तोंडातलं कळतं, म्हणून सांगतो, जिभेच्या शेंड्यावर होता. त्यांनी तोंड उघडलं. मागं हॉर्न वाजत होते. त्यांनी तोंड मिटलं आणि दांडा टाकून दिला.

इद्रीस खांदा धरून खालूनच सांगत होता, "कानामागचं बक्कल पयलं सोड. आता हळू. ओढू नको, तिनं तोंड उघडलं पायजे, वाट बघ. हां." सुगतनं वाट बघितली. बर्फीनं तोंड उघडलं आणि मी बाहेर आलो, लाळ, रक्त आणि गाजराचा एक जुना तंतू घेऊन. सुगतनं मला वडलांच्या हातात दिलं.

आता ऐका. मी बाहेर होतो. तोंड मोकळं होतं, गळ्यात नुसती दोरी. पुढं रस्ता मोकळा होता. तरी बर्फी हलली नाही. दगडासारखी उभी, डोळे अर्धे मिटलेले, ओठांतून रक्ताची धार. गाणं बंद होतं ना. रावसाहेबांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. मग माझ्याकडं. इद्रीस खरं सांगत होता, हे त्यांना तेव्हा कळलं. आणि माझ्यासारखी वस्तू काढून घेतली तरी तोंडातून जात नाही, हेही कळलं असावं. कारण ते रडायला लागले. जबडा वाकडा असला की रडणंही एकाच बाजूला होतं.

सुंदराबाईंनी त्यांचे डोळे पुसले नाहीत, बाकीचं काम होतं. त्या वॉचमनकडं वळल्या. "लेकरा, टाळ्या चालत्यात का?"

वॉचमननं फलक वाचला, खालपासून वरपर्यंत. "टाळ्यांचं काही लिहिलेलं नाही, मावशी."

सुंदराबाईंनी टाळी धरली. हलकी, वस्तीतल्या बायका गाण्याआधी धरतात तशी. मैत्रीनं धरली. निळ्या फेट्यांनी धरली, बेंजोवाल्या मास्तरानं धरली. रावसाहेबांनी मला पँटच्या खिशात कोंबलं आणि हात मोकळे करून टाळ्या वाजवायला लागले. खिशातून मला पुढचं दिसलं नाही, ऐकू आलं. आधी काहीच नाही. मग एक खूर डांबरावर. मग दुसरा.

इद्रीसला त्याच हॉस्पिटलात नेलं. बाकीचे हॉलवर गेले, पायी. मधोमध बर्फी, पाठीवर कुणी नाही, तोंडात काही नाही. तिच्या एका बाजूला सुगत आणि दुसऱ्या बाजूला रावसाहेब, रक्ताळलेल्या शर्टात. दारात सुगतच्या ऑफिसातल्या कुणीतरी मैत्रीला विचारलं, "तुमच्यात घोडीला असं मोकळं नेतात का?"

"आजपासून," मैत्री म्हणाली.

काही दिवसांनी इद्रीस खारघरला त्यांच्या घरी आला, हात गळ्यात बांधलेला. चहा झाला. मग तो म्हणाला, "काका, माझा लगाम."

"देणार नाही."

"मग घोडी आवरू कशी?"

"गाणं थांबलं की ती तशीही थांबते. मग हा कशाला होता?"

इद्रीसनं बशी खाली ठेवली. "रिवाज हाय, काका," तो म्हणाला. रिवाज या शब्दावर त्या घरात कुणाला चहा गोड लागत नाही. जाताना इद्रीस दारात थांबला. "बाबासोला दुसरा बनवायला सांगणार होतो. बघतो. दोरीवर चालवून बघतो एक सीझन."

बर्फीची जीभ शिवली, भरली. दोन तुकड्यांमध्ये खाच राहिली, पाणी पिताना सांडतं. ओठांच्या कोपऱ्यांत, जिथं मी बसायचो, तिथं राठ कातडं कायमचं आलंय. तिथं तिला काही कळत नाही. उद्या तिला कुणी मुजोर म्हणालं तर शब्दाच्या मूळ अर्थानं ते अगदी बरोबर असेल.

रावसाहेबांनी मला भंगारात दिलं नाही. भंगार कळंबोलीला जातं आणि तिथं बाबासो आहे, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी मला बाल्कनीच्या कठड्याबाहेर एका खिळ्याला टांगलंय. खाडीवरचा खारा वारा थेट माझ्यावर येतो. परवा मैत्री म्हणाली, "बाबा, हा घासूनपुसून कॉलेजात दाखवायला नेऊ का?" रावसाहेब म्हणाले, "घासायचं नाही."

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुम्हाला विनवायचं असतं, की आम्हाला जपा, स्वच्छ ठेवा, अडगळीत टाकू नका. मी तसं काही म्हणणार नाही. जपायचंच असेल तर ज्यांना तुम्ही मुजोर म्हणता त्यांचं तोंड जपा. म्हणायच्या आधी एकदा वाकून आत बघा, तिथं कुणी काय घालून ठेवलंय, आणि त्याचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे. तुमच्याच हातात निघालं तर दचकू नका, नुसतं सोडा.

मला मात्र हात लावू नका, तेल तर मुळीच देऊ नका. दाते बोथट व्हायला लागलेत. एक चाक परवा गंजून खाली पडलं. बरं चाललंय माझं.